रकाना : इतर

डॉक्टरसाहेब मीटिंगले, पांढरकवड्याले.
दवाखान्यात मी, फ्रिजातल्या लशी,
आन खोड्याजवळ बांधेल एक बकरी,
जिचं काईच दुखत नाई.

सुगत आला शाया बुडवून.
मोबाईलची काच तडकेल,
त्यातून एकेक जनावर दाखवत गेला.
"काका, तुमी बत्तीस वर्सं ढोरं पाह्यली.
सांगा, याईतलं कोनतं घरी पोसायजोगं?"

म्या चष्मा पुसला. नोंदवही काढली.
पाटीवर व्रणोपचारक लिवलं हाय माह्या नावापुढं,
गावात ड्रेसर म्हनतात.
काम मात्र सरकारी रीतीनं.

पयला पंखवाला अजगर, तोंडातून आग.
दात दाखव म्हन्लं. त्यानं दाखवले.
वय समजेना, भूक समजली.
लेका, आपला कोठा तुऱ्हाटीचा,
बाजूले कुटाराचा ढीग.
याले एक शिंक आली
तं पोत्यानं राख गोया करत फिरसान.
"पन उडते, काका!"
उडते, तं संध्याकायी दावनीले कोन आनन?

मंग दगडाचा बैल.
खोटं कायले बोलू, जीव हलला जरा.
वशिंड भरेल, छाती रुंद,
गोचीड धरनार नाई, लम्पी शिवनार नाई.
पन बारा आकड्याचा पिवया बिल्ला
याच्या कानात टोचू कसा?
आन बिल्ला नाई, तं सरकारच्या लेखी
बैलच नाई.
"शेन टाकते का?"
"नाई."
"मंग आंगन सारवायले का गिट्टी पिसू?"

एक हिरवं, थलथल, डोये फुटलेल्या आंबिलावानी.
मारलं की एकाचे दोन, दोनाचे चार.
सुगतले वाटे धंदा चांगला हाय.
म्या म्हन्लं, बाजारात गिऱ्हाईक काठी मारूनच पाहीन,
दुपारपर्यंत भाव मातीत.

त्याच्यामागं पेटी. नुसती लाकडी पेटी.
झाकन उघडलं की आत दात.
ही मात्र पास केली.
ठेवली तिथं बसते, चारा मांगत नाई.
सासऱ्यानं देल्लेली अशीच एक घरी हाय,
थेही उघडली की चावतेच.

आखरीले कुत्रं. मुंडके तीन.
पिसायलं तं सुई एक का तीन, म्या इचारलं.
सुगत हासला नाई.
डावं मुंडकं खात होतं, उजवं भुकत होतं,
मधलं नुसतं आमच्याकडं पाहे.

"मेलं तं?"
"मरत नाई, काका. मेलं तं तिथंच उठते.
पाच सेकंद लागते."

म्या पेन ठेवला.
वीज पडून मेलेल्या म्हशीचा दाखला
म्याच लिवला होता मागच्या साली.
इंदूबाई टेकाम तिच्याजवळ बसली होती,
पाच सेकंद नाई,
टॉर्चचे सेल उतरेपर्यंत.

सुगत, म्हन्लं, ज्याच्यासाठी रात्री दोनदा उठून
कोठ्यात उजेड मारा लागत नाई
थे खेयायलेच ठेव. थे पोसनं नोहे.

त्यानं मान हालवली. पटलं नव्हतं.
बॅटरी तीन टक्के, मंग तेही नाई.
सगये ढोरं एकदम कोंडवाड्यात.
बकरी सोडली आन घेऊन गेला.
त्याचीच होती.

आता नोंद कोठं करू?
गाय नाई, म्हैस नाई, शेळी-मेंढी नाई.
रकाना : इतर. संख्या : पाच.
शेरा : पेटी उपयुक्त.
साहेब वाचतील तं वाचतील.

रात्री दोनले जाग आली.
टॉर्च घेतला, कोठा पाह्यला,
वासराचं दावं थोडं ढिलं केलं.
खाटेवर परत पडलो, पन डोया लागेना.

त्या मधल्या मुंडक्याले
कोनी टाकलं असंन का काई.